आसरांचं लुगडं

उन्हाळ्यात आमच्या गारखेड्यात टँकर आला की सगळी सोसायटी खाली उतरते. मीही उतरतो, पण पाण्यासाठी नाही, टँकरवाला पाइप कसा जोडतो ते बघायला. सारी नोकरी पाणी आणि विस्तव यांच्या मध्ये उभं राहून काढली, त्यामुळे कुणी पाणी हाताळताना दिसलं की पाय आपोआप तिकडं वळतात. परवा त्या टँकरवाल्यानं विचारलं, "बाबा, तुमी काय काम करत हुता?" म्हटलं, रेल्वेत फायरमन होतो. तो म्हणाला, "म्हंजी आग इझवायला?" मी म्हणालो, "नाही रे बाबा, पेटवायला!" त्याला ते खरं वाटलं नाही.

हा अंक काढणाऱ्या मंडळींनी नोकरीतला एखादा भारी अनुभव लिहा म्हणून सांगितलं. माझ्याकडं कौतुकाचे अनुभव आहेत, पण लग्नकार्यात सांगून सांगून मी ते गुळगुळीत केलेत. त्यातल्या निम्म्यांत मी दर वेळी थोडा जास्त शूर होत गेलो, हेही कबूल करतो. आजवर जो सांगितला नाही, तो इथं लिहितो.

मी बिरा, पिशोरकडच्या धनगराचा मुलगा. मेंढरांमागं चालण्याऐवजी शहरात आलो, शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलो आणि चढत चढत मालगाडीवर पहिला फायरमन झालो. वडील म्हणायचे, "आधी मेंढरं राखीत हुता, आता आग राखतोय. राखणं काय सुटलं न्हाय." ते खरंच होतं. वाफेच्या इंजिनावर तिघं असत. ड्रायव्हर वाफ सोडतो, ब्रेक लावतो आणि पुढं बघतो. दुसरा फायरमन मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, कोळसा फोडून पुढं ढकलतो. आणि पहिला फायरमन भट्टीत कोळसा घालतो आणि बॉयलरमध्ये पाणी. लोकांना वाटतं, कोळसा काय, कुणीही फेकेल. चुलीपुढं बसणाऱ्या बाईला विचारा, आग राखणं म्हणजे काय ते. भट्टीचं तोंड उघडलं की आत डोळे दिपवणारा पांढरा उजेड असतो. त्यात काळपट डाग कुठं आहे ते एका नजरेत हेरायचं आणि बेलच्यातला, म्हणजे फावड्यातला, कोळसा बरोबर तिथंच झटकायचा, तोही हलत्या इंजिनावर उभं राहून.

पण खरी भीती आगीची नसते, पाण्याची असते. भट्टीच्या माथ्यावरच्या पत्र्यावर कायम पाणी पाहिजे. तो पत्रा उघडा पडला की आगीनं मऊ होतो, आणि बॉयलर फुटला तर इंजिनावरचं कुणी राहत नाही. टेंडरमधलं पाणी बॉयलरमध्ये ढकलणाऱ्या यंत्राला इंजेक्टर म्हणतात. तो बिघडला की आम्ही तिघंही आपापल्या देवाला हाक मारायचो.

बहात्तरच्या दुष्काळात पाणीच बिघडलं. शेडची विहीर तळाला गेली होती आणि आमच्या टेंडरमध्ये चहाच्या रंगाचं पाणी पडायचं. आम्ही मनमाडहून धान्य आणायचो, ती लाल मिलो ज्वारी. एक दिवस रिकामे डबे घेऊन खाली जायचं, दुसऱ्या दिवशी भरून वर यायचं. लासूर मागं पडलं की दौलताबादच्या अलीकडं एक लांब चढ होता. गाडी भरलेली, कोळशात निम्मी माती. म्हणून चढाच्या तोंडाशी गाडी उभी करायची, आग सारखी करायची, बॉयलर भरून घ्यायचा, वाफेचा काटा लाल रेघेला टेकवायचा आणि मगच निघायचं. याला वीसेक मिनिटं लागत. गार्ड वहीत "स्टीम कमी" असं लिहायचा. दिवसाआड आमची ती वेळ भर दुपारी बाराची असे. दिवसा चढणारी दुसरी मालगाडी नव्हती, आणि उलटीकडून येणाऱ्या गाड्या उतारावर थांबत नसत.

रुळांपासून दोनशे पावलांवर सात-आठ खोपटांची धनगरवस्ती होती. वस्तीच्या अलीकडं एक विहीर आणि तिच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं भर बाराला पोरीबाळींना विहिरीवर जाऊ देत नाहीत, आसरा धरतात म्हणून. विहीर केव्हाच आटली होती, पण शेंदूर ताजा असायचा.

हिवाळ्यात त्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रुळापाशी यायला लागल्या. टेंडरचं पाणी देणं हा गुन्हा होता. आमचे ड्रायव्हर करीममियाँ, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो, पाठ फिरवून म्हणाले, "देख बिरा, मैं सामने देखरा. पीछू क्या होरा, मेरेकू नै मालूम." मग आमचा दुसरा फायरमन सोनवणे टेंडरच्या नळाला बादली लावायचा आणि घागरी भरायचा. बाया भांडायच्या, हसायच्या, इंजिनाला नमस्कार करायच्या.

फाल्गुनात वस्ती उठली. पुरुष मेंढरं घेऊन गवताच्या शोधात लांब गेले, बाकीचे तलावाच्या कामावर खडी फोडायला. खोपटांच्या दारांना बाभळीच्या फांद्या लावलेल्या. कुत्रं नाही, कोंबडी नाही, त्या उन्हात कावळासुद्धा ओरडत नव्हता. आणि रुळाजवळच्या एका चपट्या दगडावर दोन घागरी पालथ्या घातलेल्या होत्या.

"राहिल्या वाटतं इसरून," सोनवणे म्हणाला. तरी सवयीनं त्यानं त्या भरल्या. आम्ही निघून गेलो.

दोन दिवसांनी आलो तर घागरी पुन्हा पालथ्या. नुसत्या रिकाम्या नाहीत, राखेनं घासून लखलखीत केलेल्या. सोनवणेनं भरल्या. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. महिनाभर असं चाललं. आम्ही कधी माणूस पाहिलं नाही. दगडापासून विहिरीपर्यंत धुळीत अनवाणी पावलं दिसायची, लहानशी, बाईची. विहिरीपुढं खडक होता, तिथं ती संपायची. एकदा इंजिन अगदी शांत उभं असताना खोपटांकडून खोकल्याचा आवाज आला, लांबलेला, घोगरा. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी जोरात हाक मारली, "कोन हाय?" खोकला मध्येच तुटला, जसा कुणी तोंडावर हात दाबावा. पुन्हा काही नाही.

"जाऊन बघ की," मी सोनवणेला म्हणालो.

"तूच जा. आमच्यात भूत-बित मानत न्हाईत, पर मला कोळसा फोडायचाय," असं म्हणून तो टेंडरवर चढला.

उस्ताद म्हणाले, "कोई नक्को जाव. पानी देना अपना काम. कौन पीता, ये पूछना अपना काम नै."

दोनशे पावलं होती हो. मी रोज भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस, आणि माझ्यानं दोनशे पावलं चालवली नाहीत.

त्यातच इंजेक्टर रुसला. एकदा त्याच जागी तो पाणी उचलेना. ठोकला, थंड पाण्याचा फडका गुंडाळला, तेव्हा कुठं लागला. पुढच्या फेरीला पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी तर बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली चाललं, शेवटच्या दोन बोटांवर आलं आणि उस्ताद कलमा पुटपुटायला लागले. गाळानं इंजेक्टरचं तोंड बुजत होतं, हे आज मला कळतं. तेव्हाही शेडच्या फिटरनं हेच सांगितलं होतं. पण तो फिटर तिथं बाराच्या उन्हात उभा नव्हता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. पारू देवगाव रंगारीची, तीही धनगराचीच. ती म्हणाली, "आसराच हायती. इहीर आटली, त्यास्नी पाणी न्हाय, म्हून तुमचं पाणी वडत्यात. वटी भरा त्यांची." तिनं ट्रंक उघडली आणि हिरवं लुगडं काढलं, दिवाळीला माहेरून आलेलं, एकदाच नेसलेलं. त्यावर खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, मूठभर ज्वारी आणि खोबऱ्याची वाटी. नारळ कुठला आणणार त्या साली! "तुझं लुगडं?" मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमी माघारी आलात तर दुसरं येईल."

पुढच्या फेरीला मी स्वतः उतरलो. घागरी भरल्या, गाठोडं दगडावर ठेवलं, हात जोडले आणि मागं न बघता इंजिनावर चढलो. त्या दिवशी इंजेक्टरनं पहिल्या झटक्यात पाणी उचललं. उस्ताद सुद्धा म्हणाले, "तेरी बीबी सही बोली रे."

दोन दिवसांनी मी सकाळपासून खुशीत होतो. चढ जवळ आला. उस्तादांनी वाफ कमी केली, गाडी हळू व्हायला लागली. दगड माझ्या बाजूला होता. मी बाहेर वाकून पाहिलं.

दगडापाशी बाई उभी होती. हिरवं लुगडं नेसलेली. पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढलेला, हातात हिरव्या बांगड्या. वाळलेल्या रानात, त्या पांढऱ्या उन्हात तेवढंच एक हिरवं. ती हलत नव्हती. दोन्ही घागरी पायाशी होत्या, या वेळी उलट्या नाही, सुलट्या. गाडी जवळ आली तशी तिनं एक हात वर केला.

सोनवणे पाठमोरा कोळसा फोडत होता. उस्तादांना त्यांच्या बाजूनं काही दिसत नव्हतं. जे पाहिलं ते फक्त मी.

"उस्ताद, थांबू नका," मी म्हणालो.

"कायकू? स्टीम है क्या?"

काटा बराच खाली होता. मी म्हणालो, "हाय. लई हाय. चला."

ते माझ्या शब्दावर चालायचे. त्यांनी रेग्युलेटर ओढला. इंजिनानं धाप टाकली आणि ते हिरवं लुगडं माझ्यापासून दोन हातांवरून मागं गेलं. मी डोळे मिटले होते. मग भट्टीचं तोंड उघडलं आणि कोळसा घालायला लागलो. असा कोळसा मी आयुष्यात पुन्हा कधी घातला नाही. एक बेलचा वाया गेला नाही, एक डाग काळा राहिला नाही. अर्ध्या चढावर काटा लाल रेघेला टेकला. न थांबता भरलेली गाडी त्या चढावरून नेलेली शेडमध्ये कुणी पाहिली नव्हती. आम्ही वेळेच्या आधी पोचलो. गार्ड पुढं येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. फोरमननं चहा पाजला. मी तो प्यालो.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पारू परातीत भाकरी थापत होती. मी म्हणालो, "दिसली. तुझं लुगडं नेसून हुबी हुती."

तिचा हात थांबला. "नेसून?"

"व्हय. बांगड्या सुदिक भरलेल्या."

तिनं परात बाजूला सारली. "आवो, आसरा कुटं लुगडं नेसत्यात का? वटी ठिवली की ती तितंच ऊन खाती, न्हाय तर वाऱ्यानं जाती. नेसली म्हंजी बाई हाय ती." मग हळू आवाजात म्हणाली, "कुणाचं तरी म्हातारं चालत नसंल. मागं एक माणूस ठिवून गेले असत्याल. तुमच्या वाड्यात न्हाय का ठिवत? तुमी दिलं का न्हाय पाणी?"

वाडा म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारी आमची माणसं, आणि त्यांच्यात हे असंच असतं. मेंढरं निघाली की थांबता येत नाही. ज्याला चालवत नाही त्याच्यापाशी घरातलं एक माणूस ठेवायचं आणि बाकीच्यांनी जायचं. माझी आजी अशीच मागं राहिली होती आणि तिच्यापाशी माझी चुलती. धनगराच्या पोराला हे सांगायला बायको लागली. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यांनिशी खाली जाताना त्या जागेवरून गाडी उताराच्या वेगानं गेली. मी वाकून पाहिलं, दगडावर काही नव्हतं. उस्तादांना थांबवा म्हणायला तोंड उघडलं, पण मग काल काय पाहिलं ते सांगावं लागलं असतं, आणि काटा खाली असताना खोटं बोललो हेही. लाज वाटली. मनमाडला पोचल्यावर सांगितलं. उस्ताद शिव्या देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "कल जाते तक चार दिन हो जाते रे, बिरा." दिवसाआडचं पाणी होतं ते. एक फेरी चुकली म्हणजे चार दिवस.

दुसऱ्या दिवशी भरून वर येताना उस्तादांनी गाडी नेहमीच्या जागेच्याही आधी, अगदी हळू आणून उभी केली. दगडावर घागरी नव्हत्या. मी आणि सोनवणेनं एकेक बादली घेतली आणि चालू लागलो. दोनशे पावलं म्हणजे काही नाहीत. विहीर ओलांडली, सात दगड ओलांडले. शेवटच्या खोपटाच्या दाराची फांदी बाजूला केलेली होती.

ती दारात बसली होती. आम्हाला बघून तिनं पदर सावरला आणि उठली. वय फार नव्हतं, पण ओठ फुटून काळे पडले होते. आत जमिनीवर घोंगडीखाली एक माणूस होता. पाय बाहेर आले होते, काटकुळे.

"मामंजी हुते," ती म्हणाली. "काल सांजच्याला गेले. पाणी मागत हुते. घागरीच्या तळाचं हुतं ते दिलं, पर पुरलं न्हाय."

सोनवणेनं बादली तिच्यापुढं ठेवली. ती आधी प्याली नाही. ओंजळभर पाणी घेऊन आत गेली, म्हाताऱ्याच्या ओठांवर सोडलं आणि मग बाहेर येऊन प्याली. थांबत थांबत, बराच वेळ.

पुढचं गार्डनं केलं. पुढच्या स्टेशनला निरोप दिला, गँगमन लोक त्याच दिवशी गेले, म्हाताऱ्याचं सगळं केलं आणि तिला तलावाच्या कामावर तिच्या माणसांत पोचवली, असं आम्हाला नंतर कळलं. सोनवणे मला बरीच वर्षं सांगत राहिला की म्हातारा जाणारच होता, एका घागरीनं काय झालं असतं. तो भला माणूस होता. पण एका घागरीनं काय होतं, ते बॉयलरवर काम केलेल्या माणसाला सांगू नये. आता ती मीटरगेज गेली, ती इंजिनं भंगारात गेली. तिकडं प्लॉट पडलेत आणि वस्तीच्या जागेवर मुबलक पाण्याची पाटी लागली आहे.

पण त्या दिवशी आम्ही निघायच्या आधी ती घागर घेऊन माझ्यामागं दगडापर्यंत आली होती आणि सोनवणेनं ती भरून दिली होती. उस्तादांनी शिट्टी दिली. मी चढणार, तेवढ्यात तिनं हाक मारली, "दादा."

मी थांबलो.

"लई दीस भाईर येता येत नव्हतं. आंगावर नुसत्या चिंध्या हुत्या, त्याबी म्हाताऱ्याखाली घातल्या. गाडी वरडली की दाराआड बसायचे. तुमी हाक मारली तवा म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठिवला, म्हटलं इकडं येशाल. तुमी गेल्यावर मग घागरी न्यायचे." तिनं लुगड्याचा काठ बोटांत धरला. "तुमाला कसं वो कळलं, माज्या आंगावर धड न्हाय म्हून?"

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. उपकाराची जाण होती. सरळ, साधी जाण. लुगडं कुणासाठी ठेवलं होतं ते मला त्या तोंडाकडं बघून सांगवलं नाही.

"इंजनावरून लांबचं दिसतं, ताई," मी म्हणालो.

तिला ते पटलं. तिनं मान हलवली, घागर डोक्यावर घेतली आणि वस्तीकडं चालू लागली.

परवा का थांबला नाहीत, हे तिनं विचारलं नाही. मी बराच वेळ वाट पाहिली, की ती वळेल आणि विचारेल.